घाटात टाकलेली राख

माघ सरत आला होता. सांगलीच्या आमच्या शाळेत मधली सुट्टी झाली होती आणि मी व्हरांड्यात उभी होते. फाटकाशी साताऱ्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर महादू दिसला. माझा दादा, शिवराम, आणि हा महादू एकाच मालकाच्या गाड्या चालवणारे, जुने जोडीदार. दादाची काही वस्तू घेऊन महादू अधूनमधून यायचा, म्हणून मी लांबूनच विचारलं, "काय पाठवलंय दादानं?" डोक्यावरची टोपी काढून त्यानं हातात धरली होती. मी जवळ गेले तेव्हा खाली बघत म्हणाला, "बाई, शिवादादा गेलं... घाटातल्या त्या वाडीत. तितंच गेलं." माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही. रडू नंतर आलं. त्या क्षणी माझ्या मनात आलं ते एवढंच, की म्हणजे यंदाचं त्याचं काम अर्धवट राहिलं. हे काम कसलं, आणि चांगला पगारी ड्रायव्हर असलेला माझा भाऊ दर माघात रजा काढून मेढ्याच्या पुढच्या घाटात कोयता घेऊन का जात होता, हे आमच्या गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी त्याला वेड्यातच काढलं. तो गेला त्याला आता काही आठवडे झाले. म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं गाव इस्लामपूरजवळचं. घरी ऊस, जोंधळा, दोन बैल, आणि सैन्यात जाण्याची चाल. दादा लहान वयातच फौजेत गेला आणि तिथं लॉरी चालवायला शिकला. गुडघा दुखावला म्हणून त्याला दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू होण्याआधीच घरी पाठवलं, आणि लंगडत लंगडत आलेला हा माणूस थेट सांगली-साताऱ्याच्या मोटारीवर चढला. इंजिनावर त्याचा फार जीव. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारायचा, जशी आपण गाईच्या पाठीवर मारतो. मला शिकायला ठेवलं ते त्यानंच. चुलते म्हणाले, पोरीला सांगलीला कशाला ठेवायची, दादा म्हणाला, "ती शिकनार. पैसं माझं जात्यात, तुमी कशाला तळमळताय?" मी मास्तरीण झाले, त्याच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत 'कुसे'च राहिले. शाळेच्या फाटकात उभं राहून सगळ्या मुलींसमोर 'ए कुसे' म्हणून हाक मारायचा. मी लाजायचे. आता ती हाक कानात घुमते.

लढाई पेटली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. मोटारी उभ्या राहिल्या. मग मालकानं कुठून तरी कारागीर आणून गाड्यांच्या मागं ती लोखंडी पिंपं बसवून घेतली. माणसाच्या उंचीचं पिंप. त्यात वरून लाकडी कोळसा भरायचा, खाली विस्तव करायचा, हातानं पंखा फिरवायचा, आणि जो वायू निघेल त्यावर इंजिन चालायचं. गाडी निघायला पाऊण तास लागायचा. चढ आला की तिचा दम जायचा आणि उतारू खाली उतरून चालायचे. कपडे काळे, डोळे लाल, डोकं जड. पण दादाला या नव्या यंत्राचं केवढं कौतुक! माधवनगरच्या गिरणीतले कामगार, बाजारकरी, परीक्षेला निघालेली मुलं, सगळ्यांची वाहतूक आपल्या निखाऱ्यांवर चालली आहे, याचा त्याला अभिमान होता. मला म्हणाला होता, "आई आयुष्यभर एका चुलीफुडं बसली. माझी चूल गावोगाव फिरती, कुसे!"

त्याच सुमारास मालकानं त्याला साताऱ्याहून मेढ्यावरून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाडीवर दिलं. कोळसा त्याच बाजूनं यायचा. घाटातल्या डोंगरांवर कातकरी लोक झाडं तोडून, ओंडके रचून, वर मातीचं लिंपण करून भट्ट्या लावायचे. त्या कोळशाची पोती रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेली असायची. त्यातलंच एखादं पोतं दादा महादूच्या गाडीतून मला सांगलीला पाठवायचा. रॉकेलची टंचाई होती, जळण महाग झालं होतं, आणि माझ्या भाड्याच्या खोलीत शेगडीवर दोन्ही वेळचा स्वयंपाक मजेत होत होता. शेजारणी हेवा करायच्या. तो कोळसा म्हणजे कुठल्या तरी डोंगरावरची जांभळाची, हिरड्याची झाडं आहेत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि वाटणं वेगळं.

होळी होऊन गेली होती तेव्हाची गोष्ट. ती त्यानं मला पुढं सांगितली, म्हणून मी सांगू शकते. गाडी घाट चढत होती. पिंपाच्या जाळीत राख साचली की वायू नीट निघत नाही, म्हणून मधूनमधून सळईनं ढोसून ती खाली पाडावी लागे, आणि पडलेल्या राखेवर पाणी ओतायचं असा नियम होता. त्या दिवशी इंजिन इतकं तापलं, की पाण्याचा डबा त्यातच रिकामा झाला. पुढच्या वळणावर गाडी थांबली. उतारू कावले होते. कोणाला लग्नाला पोचायचं होतं, कोणाचं मूल रडत होतं. दादानं जाळी ढोसली. राख पडली, त्यात निखारे होते. त्यानं ते बुटानं तुडवले, वर एक दगड ठेवला, आणि गाडी काढली. वारा होता. त्याला वारा जाणवला होता, हे तो मला दोनदा सांगून गेला... दुसऱ्या दिवशी परत येताना त्यानं पाहिलं, तर वळणापासून वरपर्यंत अख्खा डोंगर काळा झालेला. डोंगरावरच्या वाडीचं वर्षाचं गवत उभ्यानं जळालं होतं. तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना जे कोवळे धुमारे फुटले होते तेही गेले. वाडीतल्या सोनाबाई नावाच्या म्हातारीचा गोठा जळाला, आणि म्हशी सोडायला आत गेलेल्या तिचे दोन्ही हात भाजले. एक म्हैस सुटलीच नाही.

मेढ्याच्या चहाच्या दुकानात लोक बोलत होते. वणवा कातकऱ्यानं लावला म्हणे. भट्टीवाला हिरू, त्याच डोंगरावर होता, दुसरं कोण लावणार? वाडीच्या लोकांनी त्याला बेदम मारलं, त्याच्या भट्ट्या फोडल्या, आणि बायकापोरांसकट घाटाखाली हाकलून दिलं. दादानं ते सगळं ऐकलं. चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि गाडीवर जाऊन बसला.

त्यानंतर माझं कोळशाचं पोतं येणं बंद झालं. मी महादूजवळ निरोप पाठवला, उत्तर नाही. शेवटी दादा स्वतः सांगलीला आला तेव्हा मी जरा रागातच म्हणाले, "दादा, कोळसा विसरलास होय? मी हल्ली शेजारणीकडून उसना घेते." तो माझ्या खोलीच्या उंबऱ्यात बसला होता. शेगडीकडं बघत राहिला. आणि मग त्यानं हे सगळं सांगितलं. खालच्या आवाजात, मध्येच थांबत, जसं कोणी दुसऱ्याचंच सांगावं. मी एवढंच म्हणाले की चूक झाली, मुद्दाम तर केलं नाहीस. त्यावर तो म्हणाला, "राख पडली ती चूक झाली. च्या पिऊन उठलो ती चूक न्हवं." मग म्हणाला, "तू चल माझ्यासंगं. एकट्याचा पाय उचलत न्हाई."

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागताच मी गेले. उतारू म्हणून आम्ही दुसऱ्याच्या गाडीत बसलो आणि त्या वळणावर उतरलो. "हितं," दादा म्हणाला. तो दगड अजून होता. वर डोंगर... मी तोवर जळालेला डोंगर पाहिला नव्हता. पाय टाकला की काळी धूळ उडायची, एका पाखराचा आवाज नव्हता, आणि काळ्या जमिनीतून तोडलेल्या झाडांचे बुंधे वर आलेले. मला राहून राहून वाटत होतं, यातलं कुठलं झाड माझ्या शेगडीत आलं असेल.

वाडी म्हणजे मोजकी घरं. सोनाबाईच्या ओटीवर आम्ही बसलो. तिच्या हातांना फडकी गुंडाळलेली होती, तिचा मुलगा तुका तिला पाण्याचा तांब्या तोंडाला लावून देत होता. दादाला ती माणसं ओळखत होती. त्यांचं लोणी तो कितीदा गाडीतून साताऱ्याला घेऊन गेला होता. "डायवर, आज पायी कसं?" तुकानं हसून विचारलं. दादा बसल्या जागेवरून उठला.

"आजी, ती आग हिरूनं लावली न्हाई," तो म्हणाला. "माझ्या गाडीची राख व्हती. पानी न्हवतं. मी तशीच टाकून गेलो."

तुका उभा राहिला. उंचापुरा गडी. आता हा मारणार, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर मारलं तर बरं होईल असंही वाटलं. "कवा कळलं तुला?" त्यानं विचारलं.

"दुसऱ्या दिशी."

"आन् आज सांगतोस?"

"व्हय."

तुकाचा हात वर आला तो तसाच थांबला. मग त्यानं आपल्याच मुठीकडं पाहिलं. "मी त्याला लय मारला रं," तो म्हणाला. "त्यो न्हाई न्हाई म्हनत हुता... मी मारतच हुतो." आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. सोनाबाई म्हणाली, "हिरू कुटं गेला त्ये आदी बगा. दोगंबी जावा." आमच्या निघण्याच्या वेळी तुका रस्त्यापर्यंत आला. म्हणाला, "आमीबी भाताच्या रोपासाटी राब जाळतो की. पन वारा बगून जाळतो, कडंला मानसं उबी करतो. तू एकटा हुतास, आन् तुला घाई हुती."

त्या उन्हाळ्यात वाडीच्या जनावरांना खायला काही नव्हतं. दादानं आमच्या शेतातला कडबा द्यायचं ठरवलं, पण मोटारीच्या टपावर न्यायचा तर मागं निखाऱ्याचं पिंप! शेवटी रजा काढून त्यानं बैलगाडी जुंपली आणि कडबा लादून इस्लामपूरहून घाटापर्यंत स्वतः हाकत नेली. वाटेत इतर ड्रायव्हर हॉर्न वाजवून ओरडायचे, "शिवादादा, कोळसाबी संपला काय?" तो हात वर करायचा आणि बैलांना पुढं काढायचा. वहिनी मात्र चिडली होती. राधावहिनी बोलायला फटकळ. "घरच्या जनावरांच्या तोंडचं काडून डोंगरावर नेऊन टाकताय," ती म्हणाली. त्यानं तिलाही सगळं सांगितलं तरी तिचा राग गेला नाही. राग करायला तिला कारण होतं.

पाऊस आला आणि जे व्हायचं ते झालं. गवत नाही, झाड नाही. त्या उघड्या उतारावरून माती लाल ओघळ होऊन खाली आली. वाडीचा पिण्याचा झरा गाळानं बुजला. बायका घागरी घेऊन खाली नदीवर जाऊ लागल्या. दादा आणि तुकानं मिळून झरा उकरला. पुढच्या पावसात तो पुन्हा भरला. दादा म्हणायचा, आग तर एका दिवसात विझली, तिचं काम मात्र संपत नाही.

हिरूचा शोध पाऊस थांबल्यावर लागला. दादा आणि तुका घाट उतरून पोलादपूरच्या बाजूला गेले, भट्टी दिसेल तिथं विचारत. एका ओढ्याकाठी हिरू सापडला, तोच धंदा करत. दादा त्याच्याजवळ बसून सांगू लागला. बराच वेळ सांगत राहिला. हिरू भट्टीकडं बघत होता. मग तो वळून म्हणाला, "या कानानं मला ऐकू येत नाही. मारलं तेव्हापासून. त्या बाजूला येऊन सांगा." दादा उठला, वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसला, आणि पहिल्यापासून पुन्हा सगळं सांगितलं. एकदा सांगायला एवढे दिवस लागले, आणि तिथं तेच दोनदा सांगावं लागलं.

हिरू म्हणाला, "मला ठाऊक होतं. मी वरून बघितली होती तुमची गाडी."

"मग बोलला का न्हाईस?" दादानं विचारलं.

"कोणाला?" हिरू म्हणाला.

तुकानं अंगावरची घोंगडी काढून हिरूच्या बायकोपुढं ठेवली. तिनं ती घेतली नाही. परत चल म्हटल्यावर हिरू म्हणाला, तिथं आता जाळायला झाड कुठं राहिलंय? आणि मग दादाला विचारलं, "तुमची गाडी अजून कोळशावरच चालते ना?"

या प्रश्नानं दादा पार खचला. परत येऊन तो मालकाकडं गेला, नोकरी सोडतो म्हणाला. मालक वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "शिवा, तू सोडलीस तर दुसरा चालवंल. कोळसा तेवढाच जळंल." ते खरं होतं, म्हणूनच दादाला फार लागलं. त्यानं नोकरी सोडली नाही. सोडून खाणार काय, आणि बायकोला काय घालणार? पाण्याचे जादा डबे घेऊन, राखेवर स्वतः पाणी ओतत, हात घालून ती गार झाल्याची खात्री करत तो गाडी चालवत राहिला. बोटांची टोकं नेहमी भाजलेली असायची. मी माझी शेगडी बंद केली का? नाही. शेणी घेतल्या, जमेल तेव्हा भुसा घेतला, आणि बाकीच्या वेळी बाजारातून कोळसाच आणला.

पुढच्या माघात दादानं डोंगरावरच्या कामासाठी पहिल्यांदा रजा काढली. डोंगराच्या कडेनं, रस्त्याला लागून, वणव्याचे दिवस यायच्या आत वाळलेलं गवत कापून मोकळा पट्टा करायचा, म्हणजे खालून ठिणगी आली तरी वर चढणार नाही. जंगलखात्यात त्याला जाळरेषा म्हणतात. पहिल्या वर्षी तो आणि तुका दोघंच. वाडीची माणसं लांबून बघत बसली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही आले. आणि एके दिवशी, कोणी बोलावलं नसताना, घाटाखालून हिरू आला. एका टोकाला आपला वेगळा तुकडा धरून त्यानं कापला आणि निघून गेला. 'तुला माफ केलं' असं दादाला त्या वाडीत कोणी कधी म्हटलं नाही. त्यानंही ते मागितलं नाही.

लढाई संपली, पेट्रोल आलं, पिंपं उतरली. मला वाटलं, आता तरी याच्या मनावरचं ओझं उतरेल. तो म्हणाला, "पेट्रोलबी जळतंच की, कुसे. फकस्त राख दिसत न्हाई. धूर मागं जातो आन् आपुन फुडं." मला त्या वेळी तो उगाच मनाला लावून घेणारा वाटला. हल्ली रस्त्यावरून मोटार गेली की मी उभी राहून मागचा धूर विरेपर्यंत बघते.

गेल्या वर्षी रस्त्यापलीकडच्या अंगानं वणवा आला होता. तो त्या पट्ट्यापाशी येऊन थांबला. दादानं मला ते सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडावर आनंद असेल असं वाटलं होतं, पण तो एवढंच म्हणाला की वर जांभळीची रोपं गुडघ्याएवढी झाली आहेत. यंदा तो गेला तेव्हा खोकत होता. कोळशाच्या वायूनं त्याची छाती कधीच बिघडली होती. दुपारी गवत कापता कापता तो खाली बसला, छाती आवळल्यासारखी वाटते म्हणाला. तुका पाणी आणायला गेला. आला तेव्हा सगळं संपलं होतं. वाडीच्या माणसांनी त्याला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणलं. चारेक दिवसांनी हिरू आला, कोणाला काही विचारलं नाही, उरलेला पट्टा कापून पुरा केला आणि गेला, असं तुकानं मागाहून कळवलं.

दिवसकार्य झाल्यावर मी वहिनीजवळ काही दिवस राहिले. एका संध्याकाळी शेजारची सून विस्तव मागायला आली. लढाईत काड्यापेट्या मिळत नव्हत्या तेव्हापासून आमच्या आळीत ही सवय टिकून आहे. वहिनीनं चुलीतला निखारा शेणीवर ठेवून तिला दिला. ती निघाली. वहिनी उठली, पाण्यानं भरलेला तांब्या घेतला आणि तिच्या मागोमाग चालू लागली. मी विचारलं, "वहिनी, कुठं?" ती थांबली नाही. अंगणात पाचटाची गंज होती, कडेला शेजाऱ्यांची वैरण. सुनेची चूल पेटेपर्यंत ती त्यांच्या दारात उभी राहिली, वाटेवरून खाली बघत परत आली आणि तांब्या जागेवर ठेवला. मग म्हणाली, "घरी असला की ह्यो मानूस असाच जायचा मागनं. आळीतली समदी हसायची. मीबी हसायची." आणि चुलीपुढं बसून ती भाकरी थापू लागली.